विश्लेषण : अपघाताची खबर विमा कंपनीला उशिरा दिली म्हणून दावा बुडतो का?

अपघातानंतरचे पहिले काही दिवस रुग्णालय, पोलीस ठाणे आणि गाडी सोडवण्याच्या धावपळीत जातात. विमा कंपनीची आठवण होते ती नंतर. मग कंपनी विचारते, ‘कळवायला इतका उशीर का?’ अनेक दावे याच प्रश्नावर अडतात. कायदा मात्र गाडीमालकाचा दावा आणि अपघातग्रस्ताचा दावा यांत फरक करतो.

पॉलिसीतील अट काय?

मोटार विम्याच्या प्रमाणित पॉलिसीतील पहिलीच अट सांगते, की अपघात वा नुकसान झाल्यावर कंपनीला ‘तात्काळ’ लेखी कळवावे. तात्काळ म्हणजे किती तास, किती दिवस, हे अटीत लिहिलेले नाही. वादाचे मूळ इथेच आहे. कोर्टाचे समन्स किंवा दाव्याचे पत्र आले तर तेही लगेच कंपनीकडे पाठवायचे असते. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करणे किंवा भरपाईचा शब्द देणे याला पॉलिसीत मनाई आहे.

कंपनीचा आग्रह कशासाठी?

गाडी दुरुस्त होण्याआधी सर्व्हेयरला नुकसान पाहायचे असते. साक्षीदार पांगण्याआधी चौकशी व्हावी लागते. खोटे दावे ओळखण्यासाठीही वेळ महत्त्वाचा असतो.

तिऱ्हाइताच्या भरपाईचे काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार तिऱ्हाइताच्या जोखमीचा, म्हणजे थर्ड पार्टी, विमा सक्तीचा आहे. कलम १५० मध्ये कंपनीला कोणत्या मुद्द्यांवर बचाव करता येतो, ते मोजून दिले आहे : चालकाकडे वैध परवाना नसणे, दारू पिऊन गाडी चालवणे, परमिटबाहेर वापर, विमा घेताना महत्त्वाची माहिती दडवणे वगैरे. मालकाने अपघाताची खबर उशिरा दिली, हा मुद्दा त्या यादीत नाही. मालकाच्या आळसाची शिक्षा जखमीला किंवा मृताच्या कुटुंबाला मिळू नये, हा यामागचा हेतू आहे. मात्र दावा दाखल झाल्याची नोटीस न्यायाधिकरणामार्फत कंपनीला मिळणे आवश्यक असते.

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. त्याची प्रत विमा कंपनीलाही जाते. म्हणजे खबर फक्त मालकाच्या भरवशावर राहत नाही.

त्याच दिवसापासून अपघातग्रस्ताने भरपाईचा अर्ज सहा महिन्यांत करावा, अशी मुदतही लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे. तरीही निकालाची वाट न पाहता मुदतीत अर्ज केलेला बरा.

स्वतःच्या गाडीचा दावा असेल तर?

इथे उशीर कंपनीच्या हाती मोठे हत्यार ठरत आला आहे. विमा नियामक ‘इर्डा’ने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात बजावले, की केवळ उशिराच्या कारणावरून खरे दावे यांत्रिकपणे नाकारू नयेत. गुरशिंदर सिंग प्रकरणात ट्रॅक्टर २८ ऑक्टोबर २०१० रोजी चोरीला गेला. पोलिसांत तक्रार त्याच दिवशी झाली, पण कंपनीला खबर मिळाली १५ डिसेंबरला. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने जानेवारी २०२० मध्ये ठरवले, की गुन्हा लगेच नोंदवलेला असेल, तर कंपनीला उशिरा कळवले एवढ्यावर चोरीचा दावा नाकारता येणार नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये जैना कन्स्ट्रक्शन प्रकरणात हेच तत्त्व कायम राहिले. तिथे तर कंपनीला पाच महिन्यांनी कळवले होते.

हे निकाल चोरीचे आहेत, हे विसरू नये. अपघातात मोडलेली गाडी सर्व्हेआधीच दुरुस्त करून घेतली, तर कंपनीचा आक्षेप जड ठरू शकतो.

काय कराल?

कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर त्याच दिवशी कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. पाठोपाठ ई-मेल करा, म्हणजे लेखी पुरावा राहील. गाडीचे व जागेचे फोटो काढा. उशीर झालाच, तर रुग्णालयाची कागदपत्रे जोडून कारण लेखी द्या. दावा नाकारल्यास आधी कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे, नंतर विमा लोकपालाकडे किंवा ग्राहक आयोगाकडे जाता येते.