जिल्ह्याची प्रगती मोजावी कशी? : पांढुर्णा-सौंसरच्या निमित्ताने



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा व सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीच्या पात्रात गोटमार होते आणि जखमींचा आकडा दूरदूरच्या वृत्तपत्रांत पोहोचतो. बाहेरच्या जगाला आपला प्रदेश बहुधा या एकाच आकड्याने ठाऊक आहे. हे आपल्याला रुचत नाही. परंतु मग कोणते आकडे आपली खरी स्थिती सांगतील, हेही आपणच ठरवावयास हवे.

२०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा व सौंसर वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा निर्माण झाला. जिल्हा नवा असल्यामुळे त्याच्या नावावर मागील आकडेवारी नाही. छिंदवाड्याच्या जुन्या सरासरीत सातपुड्याचा जंगलपट्टा, परासियाच्या कोळसा खाणी आणि आपल्याकडील संत्र्याचे बगीचे असे सारे एकत्र मिसळलेले आहे. म्हणून पहिले काम मागचा हिशेब वेगळा काढण्याचे. जनगणनेचे आकडे तहसीलवार व गाववार उपलब्ध असतात. त्यांच्या आधारे १९९१, २००१ व २०११ या सालांचे चित्र आजच्या सीमांनुसार मांडता येते.

हिशेब कशाचा ठेवावा? १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकासाची कल्पना मांडली : आजच्या गरजा भागवाव्यात, पण पुढील पिढ्यांची गरजा भागविण्याची क्षमता हिरावून घेऊ नये. १९९० पासून संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने मानव विकास अहवाल काढण्यास प्रारंभ केला आणि १९९५ साली असा राज्यस्तरीय अहवाल काढणारे मध्य प्रदेश हे देशातील पहिले राज्य ठरले. उत्पन्नाच्या जोडीला शिक्षण व आयुर्मान मोजण्याची सवय त्यामुळे लागली. शाश्वततेसाठी समाज, निसर्ग व अर्थव्यवहार अशा तीन वह्या ठेवाव्या लागतात.

समाजाच्या वहीत साक्षरता सर्वांत आधी येते. मात्र १९९१ पासून साक्षरतेचे प्रमाण ७ वर्षे व त्यावरील लोकसंख्येवर काढले जाते. त्यापूर्वीच्या प्रमाणाशी त्याची थेट तुलना केल्यास फसगत होते. काळाच्या ओघात तुलना करावयाची तर व्याख्या तीच ठेवली पाहिजे. शिवाय एकच आकडा पुरत नाही. देशाची साक्षरता १९९१ मध्ये ५२.२ टक्के होती, ती २००१ मध्ये ६४.८ टक्के झाली. त्याच दशकात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या मात्र ९४५ वरून ९२७ वर आली. शिक्षण वाढले आणि मुली घटल्या, ही दोन्ही विधाने खरी आहेत. त्यांची सरासरी काढली, तर दोन्ही सत्ये हरवतात.

निसर्गाच्या वहीत आपल्यासाठी पाणी प्रथम येते. केंद्रीय भूजल मंडळ निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. दरवर्षी जेवढे उपसण्याजोगे पाणी भूगर्भात मुरते, त्याच्या किती टक्के उपसा होतो, यावरून वर्गवारी ठरते : ७० टक्क्यांपर्यंत सुरक्षित, ९० पर्यंत अंशतः चिंताजनक, १०० पर्यंत चिंताजनक आणि त्यापुढे अतिशोषित. एखाद्या चांगल्या पावसाळ्यानंतर विहीर भरली, म्हणून निष्कर्ष काढू नये. तीच विहीर, तोच महिना आणि शेजारी त्या वर्षीचे पाऊसमान, अशी अनेक वर्षांची नोंद असेल तरच घट किंवा वाढ दिसते.

आता अर्थव्यवहाराची वही. संत्र्याचे झाड साधारण पाचव्या-सहाव्या वर्षी फळू लागते. तोपर्यंत शेतकरी केवळ खर्च करतो. आंबिया बहार टिकवावयाचा तर ऐन उन्हाळ्यात पाणी द्यावे लागते. पाणी कमी पडले की बोअर आणखी खोल जाते. बाग वाचली, माल विकला गेला, तर अर्थाच्या वहीत जमा दिसते; पाण्याच्या वहीत त्याच वेळी खर्च पडलेला असतो. सौंसर परिसरातील मँगनीजचेही तसेच. खनिज विकून आलेली रक्कम उत्पन्नात धरली जाते; पण भूगर्भातील साठा तेवढाच कमी होतो व तो पुन्हा भरत नाही. घरातील भांडी विकून आलेला पैसा कोणी पगारात धरत नाही.

म्हणून माझे मुख्य सांगणे एवढेच, की या तीन वह्यांची बेरीज करून जिल्ह्याला एकच गुण देऊ नये. तशा गुणांकनात संत्र्याच्या एका चांगल्या हंगामाखाली आटलेली विहीर झाकली जाते. तिन्ही वह्या शेजारी शेजारी उघड्या ठेवाव्यात आणि एकीतली जमा दुसरीतल्या कोणत्या खर्चावर उभी आहे, हे विचारावे.

२०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. त्यामुळे २०११ नंतरच्या मोठ्या बदलांची गाववार नोंद आपल्या हाती नाही. ही उणीव सर्वस्वी शासनाने भरून काढावी, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. दोरी, मोजपट्टी आणि वही एवढ्या साधनांनी शाळेतील मुले गावातील एका विहिरीची पातळी दर वैशाखात व दर कार्तिकात नोंदवू शकतात. किती मुली आठवीनंतर शाळेत टिकल्या, हेही हजेरीपटावरून काढता येते. नोकरीनिमित्त नागपूर वा त्याहून दूर गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या अशा वहीची जबाबदारी घ्यावी. आज नोंदलेला पहिला आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु वीस वर्षांनी या जिल्ह्याने काय कमावले व काय गमावले, हे ठरविताना तोच उपयोगी पडेल.