तास संपल्यावरची नोंद

शिक्षकांकडे टाचणवही असते. उद्या कोणता घटक, कोणतं साहित्य, कोणते प्रश्न, हे त्यात आदल्या दिवशीच मांडलेलं असतं आणि मुख्याध्यापक त्यावर सही करतात. प्रत्यक्ष तासाला काय घडलं, वर्ग कुठे गप्प झाला, कोणतं उदाहरण मुलांच्या डोक्यावरून गेलं, हे मात्र सहसा कुठेच उतरत नाही. घंटा होते, पुढचा वर्ग सुरू होतो. नुसती वर्षं सरली की माणूस कामात तरबेज होतो, हा समज भाबडा आहे.

केलेल्या कामाकडे मुद्दाम वळून पाहायचं आणि त्यावरून पुढची कृती बदलायची, या सवयीचा सखोल अभ्यास अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक डोनाल्ड शॉन यांनी केला. १९८३ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात वास्तुकलेच्या वर्गातला एक प्रसंग आहे. एक विद्यार्थिनी उतारावरच्या जागेसाठी प्राथमिक शाळेचा आराखडा करते आहे. इमारत काही केल्या जमिनीत नीट बसत नाही. शिक्षक तिच्या आराखड्यावर पारदर्शक कागद ठेवतात आणि बोलता बोलता रेघा मारू लागतात. खोल्या उताराच्या कलाने लावल्या तर? मग त्यातून आणखी काय बदलेल? एका रेघेने जे दिसतं, त्यावरून पुढची रेघ ठरते. काम चालू असतानाचा हा विचार आणि काम झाल्यावर केलेला विचार, असे दोन प्रकार शॉन यांनी वेगळे केले. पहिला मुरलेल्या माणसाला जमून जातो. दुसऱ्यासाठी वेळ काढावा लागतो आणि तोच आपल्याकडे निघत नाही.

महाराष्ट्रातलं ठसठशीत उदाहरण शॉन यांच्या पुस्तकाच्या कितीतरी आधीचं आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत माँटेसरी पद्धतीवर काम करून आल्या होत्या. १९४५ मध्ये त्यांनी डहाणू तालुक्यात बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या. माँटेसरीचं साहित्य महाग होतं, म्हणून शंखशिंपले, बिया, खडे, पानं वापरात आली. पाड्यावरची मुलं शाळेत येईनात. ‘या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही’ असं म्हणून हात झटकणं सोपं होतं. या दोघींनी मुलांना दोष न देता आपली शाळाच तपासली. मुलं येत नाहीत, तर शाळेने त्यांच्याकडे जावं, म्हणून वर्ग पाड्यावरच्या अंगणात भरला. मोठी मुलं गुरांमागे जातात हे ध्यानात आल्यावर शाळाही त्यांच्यामागे रानात गेली, ती कुरणशाळा. मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी थांबतात हे दिसल्यावर जवळच्या कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, ती विकासवाडी. यातली एकही गोष्ट प्रशिक्षणात शिकवलेली नव्हती. फसलेल्या प्रयत्नाकडे नीट पाहिल्यामुळेच ती सुचली.

सगळ्यांना असं मोठं काम उभारायचं नसतं. समजा, चौथी-पाचवीच्या वर्गात एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, असा प्रश्न आला. एक मुलगी म्हणाली, एक चतुर्थांश. बाईंनी ‘चूक’ म्हणून व्याख्या पुन्हा सांगितली. संध्याकाळी ‘मुलांना अपूर्णांक कळले नाहीत’ एवढंच लिहिलं, तर त्यातून काही हाती लागत नाही. ‘तिला कारण विचारलं नाही, चार हा तीनपेक्षा मोठा, म्हणून ती तसं म्हणाली असावी’ असं लिहिलं, की उद्याचा तास वेगळा होतो. सारखे दोन कागद घ्यायचे, एकाचे तीन भाग, दुसऱ्याचे चार, आणि मुलांनाच ते एकमेकांवर ठेवून पाहू द्यायचं. दोन्ही नोंदी एकदोन ओळींच्याच. फरक एवढाच, की दुसरीत बाईंनी स्वतःच्या कृतीकडे पाहिलं.

इतर व्यवसायांत अशा नोंदी नियमातच बसवलेल्या दिसतात. ब्रिटनमध्ये २०१६ पासून परिचारिकांना दर तीन वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना स्वतःच्या कामावरच्या चिंतनाच्या पाच लेखी नोंदी तयार कराव्या लागतात आणि त्यांवर दुसऱ्या नोंदणीकृत सहकाऱ्याशी चर्चा करावी लागते. हा चर्चेचा भाग फार मोलाचा आहे, कारण माणूस एकटाच लिहीत बसला की स्वतःची समजूत घालण्याकडे कल जातो. पण प्रामाणिक नोंदीला अभय हवं. ब्रिटनमध्येच एका बालकाच्या मृत्यूप्रकरणी एक कनिष्ठ डॉक्टर दोषी ठरल्यानंतर, आपल्या चिंतनाच्या नोंदी आपल्याच विरुद्ध वापरल्या जातील, अशी धास्ती तिथल्या डॉक्टरांत पसरली. जून २०१८ मध्ये सर नॉर्मन विल्यम्स यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीने शिफारस केली, की डॉक्टरांच्या नियामक परिषदेला अशा नोंदी मागण्याचा अधिकार नसावा. ही शिफारस योग्य दिशेची होती. चूक लिहिणाऱ्याच्या मानेवर तीच चूक टांगली, तर दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या वह्या गुळगुळीत होतात.

आपल्याकडे बी.एड.च्या आंतरवासितेत छात्राध्यापकांकडून चिंतनाच्या नोंदी अपेक्षित असतात. त्यांना गुण असतात, आणि गुणांसाठी लिहिलेल्या नोंदीत सगळे पाठ यशस्वी होतात. या नोंदींना गुण देणं थांबवावं आणि त्या फक्त मार्गदर्शकाशी बोलण्यासाठी वापराव्यात. नोकरीतल्या शिक्षकांसाठी केंद्रपातळीवरच्या शिक्षण परिषदा आहेतच. परिपत्रकं आणि माहितीचे तक्ते बाजूला ठेवून तिथला अर्धा तास दोन शिक्षकांच्या फसलेल्या तासांना द्यावा: कोण काय म्हणालं, बाईंनी किंवा गुरुजींनी काय केलं, आणि पुढच्या आठवड्यात काय करून पाहणार. ती टिपणं वरच्या कार्यालयात पाठवू नयेत.