विश्लेषण : फाइल दोन संगणकांवर, परवाना मात्र एकाच! चाकण-भोसरीतील लघुउद्योजकांनी काय तपासावे?

पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यात वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या छोट्या कारखान्यांचे ड्रॉइंग, मशीनचे प्रोग्राम, तपासणी अहवाल आणि बिले आता संगणकावरच असतात. कार्यालय भोसरीत आणि शेड चाकणला असेल, तर तीच फाइल दोन्हीकडे लागते. त्यातच विंडोज १० चा नियमित सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे जुना संगणक ठेवायचा की नवा घ्यायचा, परवाना कोणता आणि फायली कशा जुळवायच्या, हे प्रश्न एकदम समोर आले आहेत.

विंडोजचा परवाना नेमका कशाचा?

विंडोज विकत घेतली असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात मिळतो तो वापरण्याचा परवाना. नव्या संगणकासोबत येणारा ‘ओईएम’ परवाना त्या यंत्राशी, मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेला असतो. संगणक भंगारात गेला की परवानाही गेला. वेगळा विकत घेतलेला ‘रिटेल’ परवाना जुन्या संगणकावरून काढून नव्यावर नेता येतो. पण एका वेळी एकाच संगणकावर. जास्त संगणक असलेल्या कंपन्यांसाठी ‘व्हॉल्यूम’ परवाना असतो. ऑनलाइन काही शे रुपयांत मिळणाऱ्या ‘की’ अनेकदा अशाच व्हॉल्यूम परवान्यातून बाहेर आलेल्या असतात. त्या सुरुवातीला चालतात, मात्र पुढे कधीही बंद होऊ शकतात.

एका संगणकाची हार्ड डिस्क जशीच्या तशी दुसऱ्यावर उतरवली, तर विंडोज सुरू होईलही. पण परवान्याची प्रत निघत नाही. दुसऱ्या संगणकाला स्वतंत्र परवाना लागतोच.

विनापरवाना वापरल्यास काय होते?

कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ६३ ब नुसार संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे. त्यासाठी किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. वापर नफ्यासाठी किंवा व्यवसायासाठी नसेल, तर कारावास न देता केवळ दंड करण्याची मुभा न्यायालयाला आहे. कारखान्याला ही सवलत मिळत नाही. ‘संगणक दुरुस्तीवाल्याने टाकून दिले’ म्हणून मालकाची जबाबदारी आपोआप संपत नाही. म्हणून परवान्याचे बिल जपून ठेवावे.

जुन्या संगणकाचे काय करायचे?

विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. संगणक या अटींत बसत असेल आणि त्यावर अधिकृत विंडोज १० असेल, तर विंडोज ११ मोफत मिळते. मायक्रोसॉफ्टच्या ‘पीसी हेल्थ चेक’ या ॲपने ते तपासता येते.

अटींत न बसणाऱ्या संगणकांसाठी वाढीव सुरक्षा अद्ययावतीकरणाची योजना आहे. घरगुती वापरासाठी तिची जाहीर मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. व्यवसायांसाठी पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर असा दर जाहीर झाला. तो दर वर्षी दुप्पट होतो आणि योजना जास्तीत जास्त तीन वर्षांची आहे. म्हणजे तीन वर्षांचे एका संगणकाचे ४२७ डॉलर होतात. तेवढ्यात नव्या संगणकाचा विचार करता येतो.

उबंटूसारखी लिनक्स प्रणाली परवाना शुल्काशिवाय मिळते. पत्रव्यवहार, ई-मेल आणि तक्त्यांसाठी ती पुरेशी आहे. मात्र कॅड किंवा हिशेबाचे सॉफ्टवेअर त्यावर चालते का, हे आधी पाहावे.

फायली जुळवण्याचा सोपा मार्ग कोणता?

पेनड्राइव्हने फाइल नेण्यात मोठा धोका म्हणजे जुनी आवृत्ती. ग्राहकाने ड्रॉइंगमध्ये एक टॉलरन्स बदलला, भोसरीत नवी फाइल आली आणि चाकणला जुन्यावरच जॉब लागला, तर अख्खा लॉट रिजेक्ट होऊ शकतो. सिंक्रोनायझेशन म्हणजे एका फोल्डरमधील बदल दुसऱ्या संगणकावर आपोआप पोहोचणे.

गुगल ड्राइव्ह १५ जीबी, तर वनड्राइव्ह ५ जीबी जागा मोफत देते. यात फायली कंपनीच्या सर्व्हरवर जातात. ग्राहकाशी झालेल्या गोपनीयता करारात ड्रॉइंग बाहेरच्या सर्व्हरवर ठेवण्यास मनाई असू शकते. ते आधी वाचावे. ‘सिंकथिंग’ हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर फायली थेट दोन संगणकांत सांकेतिक स्वरूपात पाठवते. मात्र त्यासाठी दोन्ही संगणक एकाच वेळी सुरू असावे लागतात. भोसरीचे कार्यालय सुटीमुळे बंद आणि चाकणची शेड सुरू असेल, तर बदल अडकून राहतो.

एकच फाइल दोन्हीकडे एकाच वेळी बदलली, तर सॉफ्टवेअर सहसा दोन प्रती ठेवते. कोणती खरी, हे माणसालाच ठरवावे लागते. त्यामुळे ड्रॉइंग बदलण्याचा अधिकार एकाच ठिकाणी ठेवावा, दुसरीकडे फक्त वाचण्याची परवानगी द्यावी आणि फाइलच्या नावातच रिव्हिजन क्रमांक लिहावा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सुरू असलेला डेटा असा सिंक करू नये; तो बिघडू शकतो.

सिंक केले म्हणजे बॅकअप झाला का?

नाही. एकीकडे चुकून फाइल पुसली, तर ती दुसरीकडेही पुसली जाते. खंडणीखोर व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या, तर त्या कुलूपबंद फायलीच दुसऱ्या संगणकावर पोहोचतात. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ हल्ल्यात रेनॉला काही कारखान्यांतील उत्पादन थांबवावे लागले होते. त्या त्रुटीवरचा उपाय मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता, ते अडकले. टाटा मोटर्सच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरवर २०२५ मध्ये सायबर हल्ला झाला, तेव्हा ब्रिटनमधील उत्पादन सप्टेंबरभर ठप्प राहिले. त्याचा फटका छोट्या पुरवठादारांनाही बसला.

त्यासाठी ३-२-१ हा साधा नियम आहे. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातील एक दुसऱ्या जागी. बाहेरची हार्ड डिस्क बॅकअप झाल्यावर काढून ठेवावी; जोडलेली राहिली तर व्हायरस तिच्यापर्यंतही पोहोचतो. महिन्यातून एकदा त्यातील एखादी फाइल उघडून पाहावी.

सुरुवात कुठून करावी?

सेटिंग्जमधील ‘ॲक्टिव्हेशन’ या पानावर परवान्याची स्थिती दिसते. कारखान्यातील प्रत्येक संगणकाची आवृत्ती, परवान्याचा प्रकार आणि बिल अशी एक पानाची यादी करावी. मशीनला जोडलेला संगणक बदलता येत नसेल, तर तो इंटरनेटपासून तोडावा. सिंकसाठी आधी एकच फोल्डर निवडून आठवडाभर चाचणी घ्यावी आणि त्यानंतरच चालू ड्रॉइंग त्यात टाकावीत.