साखर कारखान्यातील विधी अधिकारी : कायदेपालन आणि जोखीम व्यवस्थापन

प्रस्तावना :
मोहोळ तालुक्यात टाकळी सिकंदर येथे भीमा सहकारी साखर कारखाना, तर अनगर येथे लोकनेते बाबुराव पाटील अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज ही कंपनी आहे. सहकारी कारखान्यास महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, तर कंपनीस कंपनी अधिनियम २०१३ लागू होतो. ऊसदराबाबतचे दायित्व मात्र दोहोंवर सारखेच असते. अशा उद्योगातील पगारी विधी अधिकाऱ्याच्या भूमिकेचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कायदेपालन व जोखीम :
ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ च्या खंड ३ नुसार, वेगळा लेखी करार नसल्यास, ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत त्याची किंमत देणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे लागते. उदाहरणार्थ, १ कोटी रुपये ६० दिवस थकल्यास सुमारे २ लाख ४६ हजार रुपये व्याज होते. थकीत रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकते. म्हणूनच विधी अधिकाऱ्याचे काम नोटीस आल्यावर नव्हे, तर उसाचे वजन होते त्या दिवशीच सुरू होते. प्रत्येक दायित्व, त्याची मुदत, जबाबदार विभाग व पूर्ततेचा पुरावा यांची नोंदवही त्याने ठेवावी. धोक्याची शक्यता व परिणामांची तीव्रता पाहून प्राधान्यक्रम ठरवावा आणि संचालक मंडळास वेळोवेळी लेखी अहवाल द्यावा.

विधी अधिकाऱ्याचे स्थान :
भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियम ४९ नुसार वकिलास पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. दि. ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम १३२ मधील वकील-अशील गोपनीयतेचे संरक्षण अशा अधिकाऱ्यास मिळत नाही. मालकाच्या बाहेरील विधी सल्लागाराशी झालेल्या पत्रव्यवहारास कलम १३४ चे संरक्षण आहे. परंतु मालक व पगारी अधिकारी यांच्यातील पत्रव्यवहारास ते नाही. याचा अर्थ असा, की त्याची अंतर्गत टिपणी न्यायालयासमोर येऊ शकते. या भीतीने टिपणी लिहिणेच टाळल्यास संचालकांना धोक्याची सूचना मिळणार नाही. तेव्हा टिपणी वस्तुनिष्ठ असावी, तर्कवितर्क टाळावेत आणि वादग्रस्त प्रश्नी व्यवसायरत वकिलाचे मत घ्यावे.

समारोप :
कायदेपालन म्हणजे केवळ दंड टाळणे नव्हे. पंधराव्या दिवशी ऊस उत्पादकाच्या खात्यात रक्कम जमा आहे काय, हीच त्याची खरी कसोटी होय. ती जमा नसल्यास तसे संचालक मंडळास लेखी कळविण्याचे धैर्य हा विधी अधिकाऱ्याच्या पात्रतेचाच भाग ठरतो.