अंथरूण पाहून मॅनिफोल्ड

सकाळी सात वाजता शेजारच्या गॅरेजातून आधी दोन ठसके ऐकू यायचे, मग वाघाने डरकाळी फोडावी तसा आवाज, आणि मिनिटभरात पुन्हा सारे शांत. आमची सौ. हातातला चहाचा कप खाली न ठेवताच म्हणायची, "पडली वाटतं बंद, आजही!"

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या उत्तरेला, वुडवर्ड ॲव्हेन्यूपासून हाकेच्या अंतरावर आम्ही राहतो. शेजारी पंचाहत्तरी ओलांडलेले गृहस्थ आहेत. त्यांची सारी हयात मोटारींच्या कारखान्यात गेली. १९६९ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, पगारातून पैसे साठवून त्यांनी नवी कोरी शेव्हरले कॅमेरो घेतली. ३५० क्यूबिक इंचांचे, म्हणजे आपल्या हिशेबाने ५.७ लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन. एकेकाळी कुर्ल्यात बनणारी आपली फियाट जेमतेम अकराशे सीसीची होती. म्हणजे शेजाऱ्यांच्या बॉनेटखाली पाच फियाटी जुंपलेल्या होत्या म्हणा ना!

ही गाडी आता त्यांना नातीच्या हवाली करायची होती. गेल्या वसंतात नात ती घेऊन निघाली. चौकात डावीकडे वळण्यासाठी थांबली. इथे वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे डावे वळण म्हणजे समोरच्या वाहतुकीला छेद देणे. मोकळी जागा पाहून पोरीने ॲक्सिलरेटर दाबला. गाडीने एक आचका दिला आणि चौकाच्या बरोबर मध्यावर ती बंद पडली. समोरून ट्रक येत होता. चालक सावध होता म्हणून निभावले. त्या संध्याकाळी म्हातारबा आमच्या दारात उभे राहिले. हातात किल्ली होती आणि चेहरा उतरला होता. "तू लहानपणी गॅरेजात काम केलंस म्हणतोस ना? बघ जरा," एवढेच म्हणाले.

दोष शोधायला फार वेळ लागला नाही. बॉनेट उघडताच तो समोर उभा होता. इंजिनाच्या डोक्यावर शर्यतीच्या गाडीचा उंच मॅनिफोल्ड आणि त्यावर तसाच अवाढव्य कार्ब्युरेटर. "१९७३ च्या उन्हाळ्यात मीच बसवला," शेजारी म्हणाले. त्या स्वरात पन्नास वर्षांपूर्वीचा अभिमान अजून शिल्लक होता.

श्वासनलिकेचे शास्त्र

मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाची श्वासनलिका. कार्ब्युरेटरमध्ये हवा आणि पेट्रोल एकत्र येतात. ते मिश्रण आठही सिलिंडरांपर्यंत सारख्या प्रमाणात पोहोचवायचे काम या धातूच्या फाटे फुटलेल्या नळीचे. कारखान्यातून येणारा मॅनिफोल्ड बहुधा ओतीव लोखंडाचा, बुटका आणि वजनदार. तो स्वस्तात बनावा, बॉनेटखाली मावावा, हाच त्यामागचा विचार. म्हणून वेगाची हौस असलेल्या माणसाचा पहिला हात इथेच पडतो.

ही हौस जुनी आहे. कॅलिफोर्नियातल्या व्हिक एडेलब्रॉक या मेकॅनिकने १९३० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या १९३२ च्या फोर्ड रोडस्टरसाठी स्वतःच्या डोक्याने मॅनिफोल्ड ओतून घेतला. त्याचे नाव 'स्लिंगशॉट'. त्यातून पुढे मोठा कारखाना उभा राहिला. १९६२ साली व्हिक गेले आणि त्यांच्या मुलाने तो व्यवसाय वाढवला.

मग आला मसल कारचा जमाना. १९६४ साली पाँटिॲकने टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ क्यूबिक इंचांचे दांडगे इंजिन घातले आणि तिचे नाव ठेवले जीटीओ. एवढ्या गाडीत ३३० च्या वरचे इंजिन घालू नये, असा जनरल मोटर्सचा दंडक होता. पाँटिॲकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ग्राहकाने मागितले तरच मिळणाऱ्या पर्यायांच्या यादीत टाकून पळवाट काढली. एका कार्ब्युरेटरवर हे इंजिन ३२५ अश्वशक्ती देई. 'ट्राय-पॉवर' मॅनिफोल्डवर तीन कार्ब्युरेटर ओळीने बसवले की तोच आकडा ३४८ वर जाई. वरच्या श्वासनलिकेत काय जादू आहे, हे त्या २३ अश्वशक्तींनी तरुण अमेरिकेला शिकवले. पंडित मंडळी कॅमेरोला 'पोनी कार' म्हणतात, पण वुडवर्डवर उभे राहून तो भेद करायला जाऊ नये.

तर मॅनिफोल्डच्या मुख्य जाती दोन. पहिली दुमजली, म्हणजे ड्युअल प्लेन. यात कार्ब्युरेटरच्या दोन अर्ध्या भागांतून दोन वेगळे रस्ते निघतात आणि प्रत्येक रस्ता चार सिलिंडरांना पुरवतो. शेव्हरलेच्या या इंजिनात ठिणगी पडण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा आहे. एक मजला १, ४, ६, ७ या सिलिंडरांचा, दुसरा ८, ३, ५, २ यांचा. म्हणजे प्रत्येक मजल्याला एकाआड एक पाळी मिळते आणि शेजाऱ्याच्या तोंडचा घास कोणी पळवत नाही. या नळ्या लांब आणि वळणाच्या असतात.

दुसरी जात एकमजली, सिंगल प्लेन. मधोमध एक मोकळा चौक आणि तिथून आठ आखूड, रुंद, सरळ नळ्या. इंजिन जोरात फिरू लागले की याच्यासारखा श्वास दुसऱ्याला घेता येत नाही. पण हळू फिरताना? बागेत पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा धरला की धार लांब जाते, अंगठा काढला की तेच पाणी पायाशी पडते. रुंद नळीत हवेचा वेग मंदावतो आणि पेट्रोलचे थेंब हवेबरोबर न जाता नळीच्या भिंतींना चिकटून राहतात. कोणा सिलिंडरला जास्त, कोणाला कमी. अशा वेळी एकदम ॲक्सिलरेटर दाबला की हवा आत धावते, पेट्रोल मागे राहते आणि इंजिन आचका देते. नातीच्या चौकात नेमके हेच घडले होते.

हिशेबाची वही

निवड करताना दुकानातल्या चकाकीकडे पाहू नये. आधी स्वतःला विचारावे, आपले इंजिन कोणत्या गतीला जास्त काळ फिरते? एडेलब्रॉकच्याच तीन नमुन्यांचे पाहा. 'परफॉर्मर' जागेवरच्या संथ गतीपासून मिनिटाला ५,५०० फेऱ्यांपर्यंतचा. 'परफॉर्मर आरपीएम' १,५०० ते ६,५०० चा. 'व्हिक्टर ज्युनिअर' ३,५०० ते ८,००० चा. शेजाऱ्यांची गाडी कारखान्याच्या मूळ कॅमशाफ्टवर आणि ऑटोमॅटिक गिअरवर चालणारी. ती रस्त्यावर क्वचितच ३,५०० च्या पुढे जाते. म्हणजे शर्यतीचा मॅनिफोल्ड जिथे जागा होतो, तिथे ही गाडी झोपायला जाते!

कार्ब्युरेटरचाही हिशेब मांडता येतो. चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोटभर हवा घेते आणि १,७२८ घन इंचांचा एक घनफूट. म्हणून ३५० ला ५,५०० ने गुणायचे आणि ३,४५६ ने भागायचे. उत्तर येते मिनिटाला ५५७ घनफूट. तेही इंजिनाने छाती काठोकाठ भरून घेतली तर. रस्त्यावरचे साधे इंजिन तेवढीही भरत नाही. ६०० घनफुटांचा कार्ब्युरेटर पुरून उरतो. शेजाऱ्यांचा होता ८५० चा. मी वहीवर हा भागाकार करून दाखवला, तेव्हा ते बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत बसले.

आणखीही खाचखळगे असतात. गाडी १९६९ ची म्हणून इंजिनाचे हेडही त्याच सालचे असेल असे नाही. पन्नास वर्षांत इंजिने बदलली जातात. जुन्या हेडना मॅनिफोल्डचे बारा बोल्ट. १९८७ नंतरच्या लोखंडी हेडमध्ये मधल्या बोल्टांचा कोन बदलला, तर १९९६ च्या 'व्होर्टेक' हेडला बोल्टच आठ. म्हणून आधी हेडवरचा ओतीव क्रमांक वाचावा, मग पैसे मोजावेत. कार्ब्युरेटरची बैठकही तपासावी. कारखान्याच्या क्वाड्राजेटची मागची दोन तोंडे मोठी, बाजारातल्या बहुतेकांची चारही जवळपास सारखी.

तिसरी गोष्ट उंचीची. एअर क्लीनरवर मुलांच्या खेळातल्या मातीचे गोळे ठेवायचे, बॉनेट अलगद लावायचे आणि उघडून गोळा किती चेपला ते मोजायचे. फुकटातली युक्ती आहे, पण बॉनेटचा पत्रा वाचतो. चौथी थंडीची. काही मॅनिफोल्डमध्ये नळ्यांखाली हवा खेळती ठेवून मिश्रण गार राखतात. गार मिश्रण दाट, म्हणून ताकद जास्त. पण मिशिगनच्या गारठ्यात असे इंजिन तापायला वेळ घेते. आम्ही ठरवले, साधा दुमजली ॲल्युमिनियमचा, एक्झॉस्टची ऊब कार्ब्युरेटरखाली नेणारा.

बारा बोल्टांची परीक्षा

बसवणे हे काम ताकदीचे कमी आणि शिस्तीचे जास्त आहे. बॅटरीची तार काढली. रेडिएटरमधले पाणी सोडले, नाहीतर मॅनिफोल्ड उचलताच ते थेट इंजिन ऑइलमध्ये उतरते. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर मॅनिफोल्डमधूनच आत जातो. म्हणून पहिल्या क्रमांकाचा पिस्टन दाबाच्या स्ट्रोकला वर आणून रोटर कुठे पाहतो त्यावर खडूची खूण केली. एकदा डिस्ट्रिब्युटर बाहेर आला की क्रँकला हात लावायचा नाही.

जुने गास्केट खरवडताना आठही भोकांत चिंध्या कोंबल्या. किती कोंबल्या ते मोजून ठेवले. एक आत राहिली तर पुढची गोष्ट सांगण्यासारखी राहत नाही. बाजूची गास्केटे भोकाला भोक जुळवून लावली. पुढच्या-मागच्या टोकांना इंजिनाची जी आडवी भिंत असते, तिला इथले मेकॅनिक 'चायना वॉल' म्हणतात. तिथली कॉर्कची पट्टी दाबाखाली घसरते, म्हणून ती टाकून दिली आणि पाव इंच जाडीची सिलिकॉनची सलग ओळ घातली. मॅनिफोल्ड वरून सरळ खाली ठेवायचा. बोल्ट मधून बाहेर, तिरके-तिरके, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने सुमारे २५ फूट-पाउंडांपर्यंत आवळायचे. ॲल्युमिनियम मऊ, जास्त जोर करायचा नाही.

हे सारे मला माहीत होते. तरी घोटाळा केला तो मीच. मॅनिफोल्ड ठेवल्यावर अर्धा इंच मागे आहे असे वाटले म्हणून सरकवला. गाडी सुरू झाली, सगळे खूश! दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली बशीएवढे तेल. सरकवताना मागच्या भिंतीवरचे सिलिकॉन पुसले गेले होते. म्हातारबांनी एक शब्द काढला नाही. स्वतः पाना घेतला आणि सगळे पुन्हा उलगडायला बसले. तेव्हा पुण्यातले आमचे उस्ताद आठवले. मापात बसत नसेल तर उचल, स्वच्छ कर, पुन्हा ठेव, सरकवू नकोस, असा त्यांचा दंडक होता. पस्तीस वर्षांनी त्याचा अर्थ कळला.

दुसऱ्या खेपेला दोन बोल्ट गाईडसारखे उभे करून मॅनिफोल्ड सरळ उतरवला. ॲक्सिलरेटरची तार पूर्ण उघडते आणि पाय काढताच स्प्रिंगने परत येते, हे इंजिन सुरू करण्यापूर्वी दहा वेळा तपासले. ऑइल बदलले. टायमिंग लावले. व्हॅक्यूमचा काटा १८ इंचांवर असा थांबला, जणू रंगवलाच आहे. काटा थरथरला असता तर कुठेतरी हवा चोरून आत जाते असे समजायचे. चोरटी हवा म्हणजे पेट्रोल कमी, उष्णता जास्त, आणि शेवटी जळलेला पिस्टन. इंजिन एकदा तापून थंड झाल्यावर बोल्ट पुन्हा आवळले.

पहिली चक्कर शेजाऱ्यांनीच मारली. परत आले ते गप्पच. थोड्या वेळाने म्हणाले, "पन्नास वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो, गाडी तापट आहे, हिच्यावर हात बसावा लागतो. बायकोला हेच सांगितलं. तिनं शेवटी चालवायची सोडूनच दिली. गाडी तापट नव्हती रे. मी तिला नको ते दिलं होतं." त्यांच्या पत्नीला जाऊन सहा वर्षे झाली आहेत. यावर मी काय बोलणार?

दरवर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्डवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. १९९५ साली फर्नडेल गावापासून ही प्रथा सुरू झाली. कॅमेरोचे उत्पादन २०२४ च्या मॉडेलनंतर थांबले, त्यामुळे आता जुन्यांचे कौतुक अधिकच. या जत्रेत वेग नसतोच. हजारो गाड्या मुंगीच्या पावलांनी चालतात, थांबतात, पुन्हा चालतात. शर्यतीच्या मॅनिफोल्डचा खरा कस लागतो तो इथे, आणि तो नापास होतो तोही इथेच.

गेल्या ऑगस्टमध्ये नात गाडी चालवत होती, आजोबा शेजारी बसले होते आणि मागच्या चिंचोळ्या सीटवर पाय दुमडून मी. त्याच चौकात ती डावीकडे वळायला थांबली. समोर मोकळी जागा दिसली. तिने पाय दाबला आणि गाडी आज्ञाधारक बैलासारखी वळली. आजोबांनी डॅशबोर्ड घट्ट धरलेला हात सोडला आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

तो उंच मॅनिफोल्ड मात्र त्यांनी टाकलेला नाही. घासूनपुसून गॅरेजातल्या फळीवर ठेवला आहे, आणि त्याच्या मोकळ्या चौकात सध्या नातीचे पाने असतात.