श्वानाचा फसवा ज्वर

नायगावसारख्या खाडीकाठच्या दमट गावी पाळीव कुत्रा एकाएकी अन्न सोडतो, तापतो, आणि काही दिवसांनी पुन्हा शेपूट हालवू लागतो. घरची मंडळी निश्चिंत होतात. पुढे केव्हातरी नाकातून रक्त येते. मार लागला असावा, असा तर्क होतो. पुष्कळदा खरे कारण गोचीड असते. तिच्या दंशावाटे शिरलेले एर्लिकिया नामक जंतू पांढऱ्या पेशींत महिनोन्महिने दडतात, व रक्त गोठविणाऱ्या बिंबिका घटतात. म्हणून रक्त अवश्य तपासावे. परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासूनचे आहे. डॉक्सिसायक्लिन बहुधा २८ दिवस चालते. कुत्रा आठवड्यात बागडू लागला, तरी वैद्यांच्या आज्ञेवाचून ते थांबवू नये. गोचिडीची मादी भिंतीच्या भेगांत हजारांवर अंडी घालते. त्या भेगाही बुजवाव्या.