मानेचे सात मणके

माणसाच्या पाठीच्या कण्याचा मानेतला भाग सात मणक्यांचा असून, सुमारे साडेचार ते पाच किलो वजनाचे डोके तोलणे, ते हवे तसे वळू देणे आणि मेंदूपासून खाली उतरणाऱ्या मज्जारज्जूचे रक्षण करणे ही परस्परांच्या आड येणारी कामे त्याला एकाच वेळी करावी लागतात. सात ही संख्या माणसापुरती नाही; जिराफाच्या मानेतही सातच मणके असतात, आणि स्लॉथ व मॅनेटी यांसारखे मोजके अपवाद वगळता सस्तन प्राण्यांत ती बदललेली नाही.

रचनेचे खरे कौशल्य वरच्या दोन मणक्यांत आहे. 'ॲटलास' हा पहिला मणका म्हणजे हाडाची नुसती कडी. इतर मणक्यांना पुढच्या बाजूस असणारा भरीव गाभा त्याला नसतो, कारण गर्भावस्थेत त्याच्या वाट्याचा गाभा खालच्या 'ॲक्सिस' या मणक्याला जोडला जाऊन त्याचा वर आलेला सुळका बनतो. जात्याची वरची तळी मधल्या मेखेभोवती फिरावी, तशी ही कडी सुळक्याभोवती फिरते, आणि मान डावी-उजवीकडे वळवण्याचा जवळपास निम्मा वाव या एकाच सांध्यातून मिळतो. येथे दोन हाडांमध्ये गादी नाही. सुळका मागे सरकून मज्जारज्जूवर दाबला जाऊ नये, याची भिस्त मुख्यतः एका आडव्या अस्थिबंधावर, म्हणजे हाडे बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यावर असते, आणि ऱ्हुमॅटॉइड संधिवातात तो सैल पडू शकतो.

तिसरा ते सहावा हे मणके बरेचसे एकसारखे आहेत. सातही मणक्यांच्या बाजूच्या फाट्यांना मात्र छिद्रे असतात, जी छातीच्या वा कमरेच्या मणक्यांत आढळत नाहीत. मेंदूकडे रक्त नेणारी एक धमनी सहसा सहाव्या मणक्यापाशी त्यांत शिरून वर चढते. सातव्याचा मागचा काटा इतका लांब असतो, की मान खाली घातल्यावर तो बोटाला सहज लागतो.

मणके सात असले तरी मानेतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या जोड्या आठ आहेत, कारण पहिली जोडी ॲटलासच्याही वरून निघते. तिसरी, चौथी व पाचवी जोडी श्वासपटलाला, म्हणजे श्वसनाच्या मुख्य स्नायूला चालवत असल्याने, त्यांच्या वर मज्जारज्जू पूर्ण तुटल्यास स्वतःहून श्वास घेणे थांबते. म्हणूनच अपघातग्रस्ताच्या मानेला इजा झाल्याची शंका असल्यास आणि जागेवर दुसरा धोका नसल्यास, त्याला उचलून बसवू नये. डोके व मान आहे तशी स्थिर धरून रुग्णवाहिका बोलवावी.